डाग भिंतीवर, पण कारण कुठे? : घराच्या बाहेरच्या रंगाविषयी



तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं घराच्या रंगावर काय बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण आजचा विषय मुळात कार्यकारणाचा आहे, आणि कार्यकारणाचा घोळ घराच्या बाहेरच्या भिंतीवर होतो तितका क्वचितच कुठे होत असेल. दोन वर्षांत पोपडे सुटले की आपण म्हणतो, रंगच खराब निघाला. नाहीतर पेंटरला दोष देतो. कधी ते खरंही असतं. बऱ्याचदा मात्र रंग हा नुसता साक्षीदार असतो आणि आपण त्यालाच आरोपी करून मोकळे होतो. मग पुन्हा डबा आणतो, पुन्हा पैसे घालतो, पुन्हा पोपडे.

आपल्या कोराडीचंच बघा ना. वीज केंद्राच्या चिमण्यांजवळ ते कमरेत बारीक असलेले अवाढव्य मनोरे आहेत. त्यांच्यातून पांढरे लोट निघतात. बाहेरगावचा पाहुणा म्हणतो, "बापरे, केवढा धूर!" तो धूर नसतो. ते पाणी थंड करायचे मनोरे, त्यातून निघते ती वाफ. आपल्या नैयायिकांनी हा धोका फार पूर्वी ओळखला होता. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान ठीक. पण धुक्यालाच धूर समजलात तर अनुमान फसलं. भिंतीवरच्या डागाचंही तसंच आहे. आधी ते चिन्ह कशाचं आहे हे नीट ठरवावं लागतं.

त्यासाठी रंग म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. कुठल्याही रंगात तीन गोष्टी असतात. एक, रंग देणारी भुकटी. दोन, ती भुकटी भिंतीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ, त्याला आपण बंधक म्हणू. तीन, हे सगळं पातळ ठेवणारं पाणी किंवा टर्पेंटाइन. बाहेरच्या रंगांमधला खरा फरक बंधकाचा असतो.

चुन्याची गोष्ट सगळ्यात सुंदर. चुनखडी साधारण ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवायचा, गाळायचा, चिमूटभर नीळ टाकायची आणि कुंच्यानं मारायचा. भिंतीवर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे इथे चुना स्वतःच बंधक आहे. दगडापासून निघालेला प्रवास दगडापाशीच संपतो.

दुसरा सिमेंटचा रंग, ज्याला लोक सरसकट 'स्नोसेम' म्हणतात. याचा बंधक पांढरं सिमेंट, म्हणून मारल्यावर दोन-तीन दिवस त्यावर पाणी शिंपडावं लागतं. ते केलं नाही तर हात लावला की रंग हातावर येतो.

तिसरा आजचा लोकप्रिय अ‍ॅक्रिलिक इमल्शन. यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की कण एकमेकांना भिडतात, एकजीव होतात आणि भिंतीवर एक पातळ पापुद्रा तयार होतो.

आता मुख्य मुद्दा. भिंत पाणी पिते आणि पाणी सोडते. वीट, गिलावा, माती, सगळ्यांना बारीक छिद्रं असतात. चुना ही छिद्रं बुजवत नाही, त्यामुळे आत गेलेली ओल उन्हात बाहेर निघून जाते. अ‍ॅक्रिलिकचा पापुद्रा पावसाचं पाणी चांगलं अडवतो, पण आतली वाफ त्याच्यातून चुन्याइतकी मोकळी जात नाही, आणि पापुद्रा जाड असेल तर फारच कमी जाते. भिंत कोरडी असेल तर हा गुण आहे. भिंत ओली असेल तर हाच दोष ठरतो. आतलं पाणी बाहेर यायला धडपडतं, सोबत विरघळलेले क्षार आणतं. पाणी उडतं, क्षार तिथेच साचून फुगतात आणि रंगाला आतून ढकलतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. महालातल्या एखाद्या जुन्या, चुन्यात बांधलेल्या वाड्याला चकचकीत जाड रंग फासला तर आधी शोभा वाढते आणि मग गिलावाच सुटायला लागतो, तो याचमुळे.

मग ओल कुठून येते? इथे अन्वय-व्यतिरेक कामाला येतो. कारण असेल तिथे कार्य आणि कारण नसेल तिथे कार्य नाही, हे दोन्ही तपासायचं. डाग जमिनीपासून गुडघा-कमरेपर्यंत सलग असेल तर पाणी बहुधा जमिनीतून चढतंय. वरून खाली उतरत आला असेल तर गच्ची, पन्हळ किंवा नळाचा जोड बघा. फक्त खिडकीखाली असेल तर खिडकीच्या ओट्याला बाहेरच्या बाजूनं उतार आहे का ते बघा. छज्जाखाली असेल तर त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का ते तपासा.

एक स्वस्त प्रयोग सांगतो. हातभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक सावलीतल्या भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि एक-दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला दिसले तर ती हवेतली आहे. दोन्हीकडे कोरडं असेल तर पुढे जायला हरकत नाही. याला दहा रुपयेसुद्धा लागत नाहीत, पण हजारोंचा खर्च वाचू शकतो.

दुसरी परीक्षा तळहाताची. भिंतीवर हात फिरवा. पांढरी भुकटी हाताला लागली तर जुना चुना किंवा झिजलेला रंग सुटा झालेला आहे. त्यावर इमल्शन मारलं तर ते भिंतीला धरत नाही, भुकटीला धरतं. भुकटी सुटली की तेही सुटणार. म्हणून तारेच्या ब्रशनं खरवडायचं, धुवायचं, वाळू द्यायचं, मग प्रायमर. आपल्याकडे यात एक भर पडते, ती राखेची. वीज केंद्राच्या परिसरात बारीक राख छज्जांवर आणि खडबडीत भिंतींवर बसते. नुसता झाडू फिरवून ती जात नाही, पाण्यानं धुवावी लागते. गिलावा नवा असेल तर किमान चार आठवडे थांबावं, कारण ताज्या सिमेंटचा तिखट क्षार रंगाची भुकटी फिकी करतो.

आणि आता वेळेचं. आपल्याकडे रंग म्हटला की दसरा-दिवाळी. रीत चांगली आहे, पाहुणे येतात, घर उजळावं असं वाटतं. पण चार महिने पाऊस खाल्लेली भिंत दसऱ्यापर्यंत आतून वाळलेली असतेच असं नाही. वरून ती कोरडी दिसते, एवढंच. बरं, मे महिन्यात उरकावं तर नागपूरचं ऊन ४५ अंशांवर जातं. तापलेल्या भिंतीवर इमल्शनमधलं पाणी क्षणात उडतं, कणांना एकजीव व्हायला वेळच मिळत नाही आणि पापुद्रा कच्चा राहतो. विदर्भात बाहेरच्या रंगाला दिवाळीनंतरचे, फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. उन्हाळ्यात करायचंच झालं तर सकाळी पश्चिमेची बाजू आणि दुपारनंतर पूर्वेची, म्हणजे सावलीमागे सावली धरून काम करावं. दिवाळीला दर्शनी भाग आणि रांगोळीची जागा चुन्यानं उजळा, बाकीचं घर जानेवारीत रंगवा. लक्ष्मी त्यामुळे रुसेल असं आम्हाला वाटत नाही.

लाकडाचा न्याय थोडा वेगळा आहे. आपल्याकडे जुन्या घरांना सागवानी दारं असतात आणि त्यांवर पारदर्शक वार्निश मारायची हौस असते. ऊन मात्र पारदर्शक थरातून सरळ आत जातं आणि लाकडाचे तंतू बांधून ठेवणारा घटक तोडतं. मग वरचा थर चांगला असूनही खालचं लाकूडच सुटतं. रंगकण मिसळलेला स्टेन लाकडात मुरतो, ऊन अडवतो आणि रेषाही दिसू देतो. तो सोलत नाही, हळूहळू फिकटतो. त्यामुळे पुढच्या वेळी नुसतं धुऊन-घासून पुन्हा हात देता येतो. जवसाचं तेल वापरत असाल तर एक खबरदारी घ्या. तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि फडकी आपोआप पेटू शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आणखी एक गोष्ट, ती माणसांची. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. भारतात २०१६ साली नियम झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी लागू झाली. पण त्याआधीचे थर आपल्या दारा-खिडक्यांवर, जाळ्यांवर आहेतच. ते कोरडे घासले की धूळ उडते. ती पेंटरच्या छातीत जाते आणि अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्या हातातोंडात जाते. म्हणून पाणी लावून घासायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, पेंटरभाऊंना मास्क द्यायचा आणि मुलांना त्या दिवशी दूर ठेवायचं. मजुरी ठरवताना आपण चौरस फुटाचा भाव करतो, पण या गोष्टी त्या भावात धरत नाही. धरायला हव्यात.

शेवटी खर्चाबद्दल. साधारण एका लिटर इमल्शनमध्ये दोन हातांचं ५० ते ६० चौरस फूट काम होतं. डब्यावर ते लिहिलेलं असतं, किती पाणी घालायचं तेही लिहिलेलं असतं. त्याहून जास्त पाणी घातलं की बंधक विरळ होतो. म्हणून घराची भिंत मोजा आणि हिशेब स्वतः करा. पण पैसे कमी असतील तर क्रम चुकवू नका. आधी गच्ची आणि नळ, मग भेगा, मग धुणं-घासणं, मग प्रायमर आणि सगळ्यात शेवटी रंग. उरलेल्या पैशात साधा चुना बसत असेल तर चुना मारा. कोरड्या भिंतीवरचा चुना ओल्या भिंतीवरच्या महाग रंगापेक्षा कधीही बरा.

आता कोणाच्या घराचे प्रश्न असतील ते विचारा. फक्त डाग कसा दिसतो ते सांगून थांबू नका, तो भिंतीवर नेमका कुठून कुठपर्यंत आहे तेही सांगा.