आधी टेलचं पाणी, मग जागतिक बँक

वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात, पण त्याच्या पाण्याची खरी परीक्षा व्हायची ती कालव्याच्या टोकाला, ओझरच्या शिवारात. वरच्या चाऱ्यांची भरणी उरकल्यावर टेलला फारसं काही उरायचंच नाही. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९०च्या सुमारास हे दुखणं हाती घेतलं. महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या.

करार असा झाला: पाटबंधारे खातं संस्थेला पाणी मोजून देणार, घनमीटरच्या हिशेबाने. पुढे पाळी कधी, कुणाला किती, पाणीपट्टी किती, हे सभासद ठरवणार. मोजलेल्या पाण्याची किंमत लगेच कळते. म्हणून ओझरकरांनी नाल्यांवर बंधारे घालून पाणी मुरवलं आणि विहिरींचं पाणीही हिशेबात धरलं. द्राक्षबागा याच पाण्यावर वाढल्या. पुढे वाघाडवर २४ संस्था झाल्या आणि सगळ्या प्रकल्पाचा कारभार त्यांच्या महासंघाकडे आला.

याच काळात उत्तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला उलटं चित्र होतं. सरदार सरोवरात बुडणाऱ्या मणिबेली गावाला कुणी काही विचारलं नव्हतं. नर्मदा बचाव आंदोलनाच्या रेट्यानंतर १९९३मध्ये भारताने या धरणासाठीचं जागतिक बँकेचं उरलेलं कर्ज नाकारलं. त्याच वर्षी बँकेने बाधितांच्या तक्रारी ऐकण्यासाठी स्वतंत्र तपासणी मंडळ स्थापन केलं.

२००५मध्ये महाराष्ट्राने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. त्याच वर्षी जागतिक बँकेने राज्याच्या जलक्षेत्र सुधार प्रकल्पाला ३२.५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. कालव्यांची दुरुस्ती आणि पाणी वापर संस्था, दोन्ही त्यात होतं. कायद्याने संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ भागांना सारखं स्थान दिलं. टेलच्या शेतकऱ्याला खुर्ची मिळाली, ही मोठीच गोष्ट.

पण ओझरला आधी माणसं जमली होती, मग करार झाला. बँकेच्या प्रकल्पात संस्थांची संख्या हेच उद्दिष्ट झालं आणि अनेक संस्था नोंदणीपुरत्याच राहिल्या. प्रवाहमापक नाही, म्हणून हिशेब नाही. हिशेब नाही, म्हणून वसुली नाही. यापुढे परकीय कर्जातून कालवा दुरुस्त होणार असेल, तर निविदेआधी अभियंत्यांनी शेतकऱ्यांसोबत कालवा पायी फिरावा, कामांची यादी संस्थेच्या सभेत वाचून दाखवावी आणि टेलच्या सभासदांच्या सह्या झाल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढू नये.