हेलिकॉप्टरचं लायसन्स : फी किरकोळ, तास महाग

बेळगाव, प्रतिनिधी : सांबरा, मुतगा, बाळेकुंद्री भागात शिकाऊ विमानांची घरघर आता रोजची झाली आहे. सांबरा विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण सुरू झाल्यापासून पालकांची चौकशीही वाढली आहे. आता त्यात हेलिकॉप्टरची भर पडली आहे. कुणाला मुलाच्या नोकरीसाठी माहिती हवी असते, तर एखाद्या उद्योजकाला पन्नाशीत हौस भागवायची असते. या दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत. ती एकत्र केली की लाखोंचा हिशेब चुकतो.

हौसेसाठीचं लायसन्स म्हणजे पीपीएल, खासगी वैमानिक परवाना. त्यासाठी वय १७ पूर्ण आणि दहावी पास असलं की चालतं. मात्र हा परवाना घेऊन उडवण्याबद्दल एक रुपयाही मोबदला घेता येत नाही. मित्राला फिरवून आणता येईल, पण त्याच्याकडून भाडं घेता येणार नाही. नोकरीसाठी सीपीएल, म्हणजे व्यावसायिक परवाना लागतो. त्याला वय १८, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवं. उड्डाणाचे तासही जास्त लागतात : विमानासाठी २०० आणि हेलिकॉप्टरसाठी १५०. "आधी पीपीएल करून टाका, नोकरीचं मग बघू" असं कुणी सांगत असेल तर पहिल्याच बैठकीत विचारावं, की या पैशात मुलगा नोकरीला पात्र होणार का? उत्तर 'नाही' असंच येतं.

आता खर्चाकडे वळू. डीजीसीएची परीक्षा, परवान्याचा अर्ज, वैद्यकीय तपासणी, रेडिओवर बोलण्याचा परवाना, या सगळ्यांची फी एकूण खर्चापुढे किरकोळ आहे. रेडिओ परवान्याची परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आल्यावर ते काम डीजीसीएकडे आलं, त्यामुळे एका खात्याची फेरी वाचली. खरा पैसा जातो तो तासांत. पीपीएलसाठी किमान ४० तास उड्डाण लागतं, आणि हे 'किमान' सगळ्यांनाच पुरत नाही. आठवड्यातून एकदा उडणाऱ्या हौशी माणसाला ५५ ते ७० तास लागणं नवलाचं नाही. मध्ये दोन महिन्यांची सुट्टी पडली तर आधीचे काही तास पुन्हा विकत घ्यावे लागतात.

हेलिकॉप्टरचा तास साध्या विमानापेक्षा इतका महाग का, हे समजून घेण्यासारखं आहे. जगभर शिकण्यासाठी सर्रास वापरलं जाणारं यंत्र म्हणजे रॉबिन्सन आर-२२. दोन सीटचं, पिस्टन इंजिनाचं छोटं हेलिकॉप्टर. कंपनीच्या नियमानुसार २,२०० तास किंवा १२ वर्षं, जे आधी होईल तेव्हा त्याचं पूर्ण ओव्हरहॉल करावं लागतं. ट्रकचं इंजिन खोलतात तसं नाही, जवळजवळ सगळं यंत्रच नवं होतं. हा खर्च दोन लाख डॉलर धरला, तर २,२०० ने भागल्यावर तासाला ९० डॉलर झाले. डॉलर हिशेबासाठी ९० रुपये धरला तरी आठ हजारांच्या वर. चाक जमिनीवरून उचलण्याआधीच ही रक्कम मीटरवर चढलेली असते. (आर-२२ ला चाकं नसतात, स्किड असतात, पण म्हणायची पद्धत.) त्यावर इंधन, विमा, शिक्षकाचं मानधन, हँगरचं भाडं.

शिवाय हेलिकॉप्टर स्वतःहून स्थिर राहत नाही. विमानाचा दांडा क्षणभर सोडला तर ते बहुतेक वेळा सरळ चालत राहतं. हेलिकॉप्टर तसं करत नाही. जमिनीपासून चार-पाच फुटांवर एका जागी थांबवायला शिकण्यातच पहिले अनेक तास जातात. इंजिन बंद पडलं तर पंख्याची गती टिकवून खाली उतरण्याचं तंत्र असतं, त्याला ऑटोरोटेशन म्हणतात. आर-२२ चा पंखा हलका असल्याने विचार करायला एक-दोन सेकंदच मिळतात. त्यामुळेच अमेरिकेत १९९५ पासून या यंत्रासाठी खास नियम आहे : शिक्षकाबरोबर २० तास झाल्याशिवाय विद्यार्थ्याला एकट्याने उडू देत नाहीत. त्यामुळे हे तास कमी करून मिळतील, या आशेवर कुणी राहू नये.

भारतात निव्वळ हौसेसाठी हेलिकॉप्टर शिकवणारी जागा शोधायला गेलं तर फार हाती लागत नाही. इथल्या नागरी हेलिकॉप्टर वैमानिकांत मोठा भाग सैन्यदलांतून आलेल्यांचा आहे, आणि ज्या मोजक्या संस्था आहेत त्यांचा भर व्यावसायिक वैमानिकांवर आहे. सांबऱ्यात शिकवतात तीही विमानं. त्यामुळे चौकशी शेवटी परदेशात पोहोचते. अमेरिकेत किमान ४० तास, ब्रिटनमध्ये ४५ तास आणि नऊ लेखी पेपर. अमेरिकेत शिक्षकासह तासाला ४०० डॉलर धरले, तर ६० तासांचे २४ हजार डॉलर, म्हणजे वरच्याच दराने २१ लाख ६० हजार. व्हिसा, राहणं, जेवण वेगळं. परदेशी विद्यार्थ्याची सुरक्षा तपासणी झाल्याशिवाय अमेरिकेत उड्डाणाचं शिक्षण सुरू होत नाही, तोही वेळ धरावा. मोठी रक्कम पाठवताना बँक टीसीएस कापू शकते. तो विवरणपत्रात वळता करता येतो, म्हणून खर्चात मोजू नये, पण तोवर पैसे अडकतात.

आणि पैसे एकरकमी भरू नयेत. अमेरिकेत सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स नावाची मोठी प्रशिक्षण कंपनी होती. फेब्रुवारी २००८ मध्ये ती अचानक बंद पडली आणि दिवाळखोरीत गेली. दोन हजारांहून जास्त विद्यार्थी अर्ध्यावर राहिले. बऱ्याच जणांनी सुमारे ७० हजार डॉलरची फी कर्ज काढून आधीच भरली होती. शिक्षण संपलं, हप्ते राहिले. पाच-दहा तासांचे पैसे भरायचे, ते उडून झाले की पुढचे भरायचे, असा व्यवहार नाकारणाऱ्या शाळेपासून चार हात लांब राहिलेलं बरं.

लायसन्स खिशात आल्यावरचा खर्च कुणी सांगत नाही. अमेरिकेचा परवाना आणला म्हणून इथलं, 'व्हीटी' नोंदणीचं हेलिकॉप्टर उडवता येत नाही. त्यासाठी डीजीसीएकडे परवाना बदलून घ्यावा लागतो आणि इथल्या नियमांची परीक्षा द्यावी लागते. मग उडवायचं काय? विमानासाठी फ्लाइंग क्लब तरी आहेत, तासावर हेलिकॉप्टर मिळणं अवघड. स्वतःचं घेतलं तर हँगर, इंजिनिअर, विमा आणि उतरायच्या जागेची परवानगी, हे सगळं आलं. सांबऱ्याला हवाई दलाचं केंद्रही आहे, त्यामुळे मनात आलं की शेतातून उचललं आणि गोव्याला गेलं, असं होत नाही. सराव तुटला तर परवाना नुसता कागद राहतो. ब्रिटनमध्ये तर प्रत्येक प्रकारच्या हेलिकॉप्टरची चाचणी दरवर्षी द्यावी लागते.

एवढं वाचूनही ज्यांचा विचार पक्का आहे, त्यांनी दोन गोष्टी आधी कराव्यात. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी; हौसेसाठी क्लास टू, नोकरीसाठी क्लास वन. आणि वजनकाट्यावर उभं राहावं. आर-२२ मध्ये एका सीटची मर्यादा १०९ किलो आहे. शिक्षक, इंधन आणि विद्यार्थी मिळून यंत्राचं एकूण वजन ६२२ किलोच्या आत बसावं लागतं, त्यामुळे ९० किलोचा विद्यार्थी आणि तेवढाच शिक्षक असला तर टाकी पूर्ण भरता येईलच असं नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे. एप्रिल-मेच्या उन्हात इथली पातळ हवा यंत्राची ताकद आणखी कमी करते. वजन जास्त असेल तर चार सीटच्या आर-४४ वर शिकावं लागतं, आणि तिथे तासाचा दर आणखी चढतो. परदेशात कुणी नातेवाईक असतील आणि तिकडे जाणं होणारच असेल, तर तासाभराच्या चाचणी उड्डाणाचे पैसे तेवढे भरून बघावेत. शिक्षकाच्या शेजारी बसून दांडा हातात मिळतो, आणि हे जमणार की नाही याचा अंदाज तिथेच येतो.