विश्लेषण : मुलांसाठीचे ग्रंथपाल घडतात कुठे? राहनाळ-भिवंडीतल्या तरुणांपुढे कोणते पर्याय?

पदवी किंवा प्रमाणपत्र घेतले की ग्रंथपाल होता येते. पण आठवीतल्या मुलाच्या हातात त्याला आवडेल असे पुस्तक ठेवणारा ग्रंथपाल कसा तयार होतो? महाराष्ट्रात त्यासाठी एकच सरळ वाट आखलेली नाही. प्रमाणपत्र एका ठिकाणी, बालसाहित्याचे शिक्षण दुसऱ्या ठिकाणी आणि सराव तिसऱ्या ठिकाणी, अशी जुळवाजुळव करावी लागते. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी उपलब्ध पर्याय, खर्च वाचवणारी साधने आणि पगाराचे वास्तव काय आहे, ते पाहू.

राहनाळसारख्या गावात हा प्रश्न महत्त्वाचा का?

भिवंडी तालुक्यातील राहनाळच्या आसपास गोदामे आहेत आणि शहरात यंत्रमाग. कामासाठी आलेली कुटुंबे आणि मूळचे गावकरी यांची मुले एकाच परिसरात वाढतात. भिवंडीत मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा घराघरात बोलल्या जातात. अशा ठिकाणी 'मुलांचे कपाट' म्हणून शंभर मराठी पुस्तके मांडली तरी निम्म्या मुलांसाठी ते कपाट बंदच राहते. कोणत्या मुलाला कोणत्या भाषेतले, किती मजकुराचे पुस्तक द्यायचे, हे ओळखणारा माणूस तिथे लागतो.

दुसरा मुद्दा वयाचा. लहान मुलांसाठी गोष्टींचे कार्यक्रम होतात, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या तरुणांसाठी अभ्यासिका असतात. बारा ते सतरा या वयातली मुले मात्र मधल्या मध्ये सुटतात. शाळाही बहुतेकदा याच वयात सुटते.

केंद्राच्या २०२३-२४च्या अर्थसंकल्पात मुले आणि किशोरवयीनांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली. पंचायत आणि प्रभाग पातळीवर प्रत्यक्ष ग्रंथालये उभारण्यास राज्यांना प्रोत्साहन देऊ, असेही त्यात म्हटले होते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी बढतीचा मार्ग आणि सातत्यपूर्ण प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. इमारत आणि ॲप निधीतून उभे राहते. माणूस घडवायला वेळ लागतो.

पहिली पायरी कोणती?

आधी औपचारिक पात्रता. तिच्याशिवाय मान्यताप्राप्त ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून टिकणे अवघड जाते. शिक्षणानुसार साधारण तीन मार्ग आहेत.

• पदवी नसेल तर : राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाच्या मान्यतेने जिल्हा ग्रंथालय संघ प्रमाणपत्र वर्ग चालवतात. प्रवेशाची माहिती ठाण्याच्या जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात मिळते. बारावी झाली असेल तर 'इग्नू'चा सहा महिन्यांचा ग्रंथालय व माहितीशास्त्र प्रमाणपत्र अभ्यासक्रमही करता येतो.

• पदवी असेल तर : ग्रंथालय व माहितीशास्त्राची एक वर्षाची पदवी, म्हणजेच बोलीभाषेतले 'बी.लिब'. मुंबई विद्यापीठाचा स्वतंत्र विभाग आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाचे ग्रंथालयशास्त्र विद्यालय १९६१पासून मुंबईत आहे. कोणत्याही शाखेची पदवी चालते.

• नोकरी सांभाळून शिकायचे असेल तर : 'इग्नू' किंवा यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. गोदामात पाळीची नोकरी करणाऱ्यासाठी रोज मुंबईला जाऊन येण्यापेक्षा हा मार्ग व्यवहार्य आहे.

मग या अभ्यासक्रमांत कमी काय?

या अभ्यासक्रमांचा गाभा वर्गीकरण, तालिकीकरण, ग्रंथालय व्यवस्थापन आणि संगणकीकरण हा आहे. हे सगळे लागतेच. पण वाचता न येणाऱ्या सहावीतल्या मुलीला लाज न वाटू देता सोपे पुस्तक कसे द्यायचे? गोष्ट मोठ्याने वाचताना कुठे थांबायचे? 'मला मोबाइलच आवडतो' म्हणणाऱ्या मुलाशी पुस्तकावर गप्पा कशा सुरू करायच्या? बालकांच्या सुरक्षिततेचे कोणते नियम ग्रंथालयात पाळायचे? हे स्वतंत्रपणे शिकावे लागते.

मुलांच्या वाचनाचा विचार आपल्याकडे नवा नाही. बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१०मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावले. १९११मध्ये तिथे ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. तो देशातला असा पहिला वर्ग मानला जातो. तिथल्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभागही होता. प्रशिक्षित माणूस आणि मुलांची जागा या दोन गोष्टींचा विचार तेव्हा एकत्र झाला होता. नंतर प्रशिक्षणाचा विस्तार झाला, पण मुलांचा विभाग 'जमल्यास करू' या यादीत गेला.

मुलांसोबतचे काम शिकवणारे अभ्यासक्रम आहेत का?

आहेत, पण बहुतेक विद्यापीठांबाहेर.

टाटा ट्रस्ट्सच्या 'पराग' उपक्रमाचा 'लायब्ररी एज्युकेटर्स कोर्स' हा यातला सर्वांत ठोस पर्याय. तो हिंदी आणि इंग्रजीत चालतो. काही सत्रे प्रत्यक्ष, बाकीचा अभ्यास आपापल्या ठिकाणी काम करत करत. बालसाहित्याची निवड, वाचनाचे उपक्रम आणि मुलांशी पुस्तकांवर संवाद हा त्याचा भर आहे. आधीपासून मुलांसोबत काम करणाऱ्याला त्याचा अधिक उपयोग होतो.

गोव्यात २००५पासून 'बुकवर्म' ही संस्था मुलांची ग्रंथालये चालवते आणि या क्षेत्रातल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षणही देते. भिवंडीच्या अधिक जवळचे उदाहरण म्हणजे पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यातील 'क्वेस्ट'. तिच्या 'गोष्टरंग' उपक्रमात कलाकार आदिवासी भागातल्या शाळांत जाऊन मुलांसमोर गोष्टी सादर करतात. पुस्तक आणि मूल यांच्यात आवाज, हावभाव आणि खेळ कसा काम करतो, हे अशा प्रयोगांतून कळते.

केंद्राच्या अखत्यारीतले, १९७२मध्ये स्थापन झालेले कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानही उपयोगी आहे. ग्रंथालयांना पुस्तके, मुलांचा विभाग आणि कार्यशाळा यांसाठी त्याच्या अर्थसाहाय्य योजना आहेत. मात्र या योजना व्यक्तीसाठी नसून ग्रंथालयांसाठी आहेत. त्यामुळे तुम्ही ज्या ग्रंथालयात काम कराल, त्याच्या कार्यकारिणीला हे माहीत असणे गरजेचे.

मोबाइलवर, मोफत काय मिळते?

• स्टोरीवीव्हर : 'प्रथम बुक्स'ने २०१५मध्ये सुरू केलेले व्यासपीठ. मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगूसह अनेक भाषांत पातळीनुसार गोष्टी आहेत. खुल्या परवान्यामुळे त्या डाउनलोड, मुद्रित आणि भाषांतरितही करता येतात. भिवंडीच्या चार भाषांच्या अडचणीवर आज सर्वांत स्वस्त उत्तर हेच.

• किशोर : 'बालभारती'चे १९७१पासूनचे मासिक. जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. मराठी बालसाहित्याची ओळख करून घ्यायला उत्तम.

• ई-पीजी पाठशाला आणि स्वयम् : ग्रंथालयशास्त्राचे पदव्युत्तर पातळीपर्यंतचे साहित्य इथे आहे.

• 'इफ्ला'ची मार्गदर्शक तत्त्वे : ग्रंथालयांच्या या जागतिक महासंघाने ० ते १८ वयोगटाच्या सेवेसाठीची सुधारित तत्त्वे २०१८मध्ये प्रसिद्ध केली.

• 'याल्सा'ची कौशल्य यादी : अमेरिकेतल्या या किशोर ग्रंथालय सेवा संघटनेने २०१७मध्ये दहा क्षेत्रांतली कौशल्ये तीन पातळ्यांत मांडली. आपण कुठे कमी पडतो हे तपासण्यासाठी ही यादी कामाची. तिथली सगळी साधने आपल्याकडे नसतील, पण किशोरवयीनांचा विकास समजून घेणे, त्यांना निर्णयात सामील करणे आणि वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या मुलांना सामावून घेणे या गोष्टी राहनाळलाही तितक्याच लागू आहेत.

ग्रंथालयाचे संगणकीकरण शिकण्यासाठी 'कोहा' ही मुक्त प्रणाली स्वतःच्या लॅपटॉपवर वापरून पाहता येते.

पगाराचे काय?

हा भाग आधीच समजून घ्यायला हवा. महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. पण मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये बहुतांशी संस्था चालवतात आणि त्यांना 'अ' ते 'ड' अशा वर्गानुसार शासकीय अनुदान मिळते. २०२२मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा 'ड' वर्गाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपये झाले. त्यातला निम्मा हिस्सा वेतनासाठी धरला तर महिन्याला दोन हजार रुपये होतात. एवढ्यावर घर चालत नाही.

म्हणून छोट्या गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयातली नोकरी अनेकदा अर्धवेळ काम किंवा अनुभवाची जागा म्हणूनच धरावी लागते. मोठी सार्वजनिक ग्रंथालये, खासगी शाळा, महाविद्यालये आणि मुलांच्या वाचनावर काम करणाऱ्या संस्था हे उत्पन्नाचे अधिक खात्रीचे पर्याय आहेत. 'बी.लिब'सोबत बालसाहित्याचे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष अनुभव असेल, तर शाळा आणि संस्थांत त्याची दखल घेतली जाते. प्रशिक्षणात वर्ष-दीड वर्ष घालण्यापूर्वी हा हिशेब घरच्यांसमोर मांडलेला बरा.

सराव कुठे करायचा?

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४पासूनचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासूनचे. दोन्ही भिवंडीपासून जवळ आहेत. आधी सभासद व्हावे. देवघेवीचे काम कसे चालते, मुले कोणत्या कपाटापाशी थांबतात, काय न घेता परत जातात, हे पाहावे. मग सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक म्हणून काम करू देण्याची विनंती करावी.

गावात ग्रंथालय नसले तरी शाळेच्या परवानगीने आठवड्यातून एक तास वाचन घेता येते. मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्यावे, शिक्षक हजर असतील अशी वेळ ठरवावी आणि मुलांचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय कुठेही टाकू नयेत. एका वहीत तीन रकाने पुरतात : कोणते पुस्तक वाचले, मुलांनी काय विचारले, पुढच्या वेळी काय बदलायचे. सहा महिन्यांनी 'पराग'च्या प्रवेशासाठी किंवा एखाद्या शाळेतल्या मुलाखतीला जाताना हीच वही सोबत न्यावी. वर्गीकरण येते हे गुणपत्रिका सांगते. मुलांसोबत काम करता येते, हे वही दाखवते.