कमी डोस पुरेल का?

जळगाव-धुळ्याहून केमोसाठी मुंबईला जाणारे पेशंट तुम्ही रेल्वेत पाहिले असतील. मळमळ-उलटी टाळायला इतर औषधांसोबत ओलान्झापिन देतात. पण १० मिलिग्रॅमने खूप गुंगी येते. मग घरी परतायचं कसं?

मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ मध्ये २७५ पेशंट घेऊन त्याची तुलना २.५ मिलिग्रॅमशी केली. मळमळ-उलटीवर पूर्ण नियंत्रण: कमी डोसात ४५ टक्के, जास्त डोसात ४४. पहिल्या दिवशी तीव्र गुंगी मात्र ५ विरुद्ध ४० टक्के!

प्रश्न नीट बघा: 'कमी डोस सरस आहे का?' असा नाही, तर 'फार मागे तर पडत नाही ना?' ही नॉन-इन्फिरिऑरिटी ट्रायल. किती मागे चालेल, ते आधीच ठरवायचं. निकाल पाहून नाही.