कपाशीच्या पानावरील हिरवी माशी

श्रावण-भाद्रपदात यवतमाळ जिल्ह्यातील कपाशी डेरेदार झाली, की तिच्या रुंद पानांवर एक चिमुकली माशी वावरू लागते. आकाराने गव्हाच्या दाण्याएवढीही नसते. परंतु अंगावर हिरव्या-सोनेरी धातूची अशी झळाळी, की सराफाचीही नजर ठरावी. शेतकरी तिला कीड समजतो आणि कृषी केंद्रात येऊन औषध मागतो. गल्ल्यावर बसणाऱ्या आपल्या बांधवांनी म्हणूनच तिची ओळख करून घ्यावी.

शास्त्रज्ञ तिच्या कुलास डोलिकोपोडिडी, म्हणजे लांब पायांच्या माश्या, असे म्हणतात. या कुलात सात हजारांहून अधिक जाती आहेत. आपल्याकडे कॉन्डिलोस्टायलस या प्रजातीतील माश्या बागेत व शेतात सहज आढळतात. काडीसारख्या उंच पायांवर शरीर पानापासून उचललेले असते. ती क्षणभर थबकते, दोन पावले धावते, उडते आणि जवळच पुन्हा उतरते. घाणीवर घोंगावणारी हिरवी माशी जाडजूड व राठ केसांची असते. दोहोंची गल्लत होऊ नये. मात्र नेमकी जात ठरविणे तज्ज्ञांचे काम आहे. नराच्या पोटाखाली दुमडलेले जननांग, पंखांतील शिरा आणि पायांवरील केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. मोबाइलच्या छायाचित्रावरून जातीचे नाव ठोकून देणाऱ्यावर विसंबू नये.

जैन शास्त्रांत माशीची गणना चतुरिंद्रिय जीवांत होते. हिचे तर बहुतेक डोके डोळ्यांनीच व्यापलेले! त्या डोळ्यांच्या बळावर ती मावा, फुलकिडे, कोळी असे मऊ अंगाचे बारीक जीव टिपते. स्वतः अहिंसक नाही खरी, पण पिकाचे पान ती कुरतडत नाही. तिच्या अळ्या बहुधा ओलसर मातीत व पालापाचोळ्यात वाढतात आणि त्यांतील बहुतेक शिकारीच असतात.

सरसकट मारणारे औषध फवारले, की किडीबरोबर हीही मरते. रस शोषणारी कीड मात्र झपाट्याने पुन्हा वाढते आणि दुसरी फवारणी ओढवते. फवारणीची किंमत या जिल्ह्याला वेगळी सांगायला नको. २०१७ च्या हंगामात येथे कीटकनाशकाच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले.

ग्राहक पान घेऊन आला, तर ते उलटून खालच्या बाजूचे मावा-तुडतुडे मोजावेत. वर बसलेली हिरवी माशी त्या मोजणीत धरू नये.