सहा हजारांचे वकीलपत्र

वकील म्हटला की आपल्याला बांधाचा दावा आणि तारखांच्या खेपा आठवतात. पुण्यात मात्र एक वकील असे होऊन गेले की, त्यांनी उभ्या मुलखाचेच वकीलपत्र घेतले. ते गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका. जन्म १८२८ चा, साताऱ्याचा.

पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी तक्रारी होत्या. त्यांतून २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा निघाली. तिचा सभासद होणे सोपे नव्हते. लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. अशा ९५ सभासदांच्या मागे सहा हजार माणसे उभी राहिली. मुंबईच्या कायदे कौन्सिलात तेव्हा सरकारने नेमलेलीच माणसे बसत, मत देण्याची सोय नव्हती, हे ध्यानात घ्या.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळले. पण इंदापूर, भीमथडीकडे नव्या मोजणीने सारा वाढला तो याच सुमारास! जिराईत जमीन, बेभरवशाचा पाऊस, वर सावकाराचे व्याज. सभेने १८७३ मध्ये कुणब्यांच्या स्थितीची चौकशी केली आणि वाढीव साऱ्याचे गाऱ्हाणे सरकारपुढे मांडले. दोनच वर्षांनी, मे १८७५ मध्ये, सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांचे रोखे आणि वह्या जाळल्या. पुढे १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा झाला. कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याची मुभा त्याने कोर्टाला दिली. जुने कर्जरोखे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या कलमाची किंमत सांगायला नको. १८७६-७७ च्या दुष्काळातही सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारला कळवली.

काका बोलण्यापुरते पुढारी नव्हते. १८७२ पासून ते हातच्या सुताचे जाडेभरडे कापड नेसत. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे जरतारीत नटून आले, तिथे काका त्याच खादीत गेले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीही पुण्यात स्त्रियांची सभा काढली.

खरी कसोटी लागली १८७९ साली. लष्करी हिशेबखात्यातले कारकून वासुदेव बळवंत फडके यांनी दुष्काळातले हाल पाहून रामोशी व कोळी गडी जमवले आणि सरकारविरुद्ध बंड केले. जुलैमध्ये ते पकडले गेले, खटला पुण्यात चालला. काकांचा मार्ग अर्जाचा, फडक्यांचा तलवारीचा. शिवाय राजद्रोह्याची बाजू घेणाऱ्यावर सरकारची नजर जाणारच. तरीही काका त्यांच्यासाठी कोर्टात उभे राहिले. दोघांचे दुखणे एकच होते, असे मला वाटते.

फडक्यांना जन्मठेप झाली. त्यांना एडनला धाडले, तिथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. ती बातमी ऐकायला काका उरले नव्हते. २५ जुलै १८८० रोजीच ते गेले होते.