झेडडी: शकुंतलेचं वाफेचं इंजिन

कारंजा तालुक्यातल्या जुन्या माणसांना ‘शकुंतला’ म्हटलं की मूर्तिजापूर-यवतमाळ गाडीच आठवते. ही लाइन नॅरोगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर फक्त 762 मिलिमीटर. ब्रॉडगेजला ते 1676 असतं. विदर्भाचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनपर्यंत पोचवायचा, हा मूळ हेतू. किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने 1910 मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि लाइनची मालकी तिच्याकडे आली.

डबे ओढायचं झेडडी जातीचं इंजिन. यातला ‘झेड’ म्हणजे अडीच फुटी गेज. मीटरगेजच्या इंजिनांना तेव्हा ‘वाय’, ब्रॉडगेजच्यांना ‘एक्स’. पुढचं अक्षर त्या गेजमधला प्रकार सांगतं. दिसायला हे नाव गूढ, प्रत्यक्षात सरळ हिशेब.

हे इंजिन 1921 मध्ये मँचेस्टरला बांधलं गेलं आणि 1923 पासून इथे धावू लागलं. भट्टीत कोळसा, बॉयलरमध्ये पाणी. वाफेच्या दाबाने दट्ट्या सरकतो, दांडा चाकं फिरवतो. यंत्र साधं, पण तहान मोठी, म्हणून वाटेत पाणी भरणं आलंच. सत्तर वर्षं हा खटाटोप चालला. 15 एप्रिल 1994 ला वाफ थांबली, डिझेल आलं. गाडीचा वेग मात्र त्याने फारसा वाढला नाही. तो रुळांवर अवलंबून होता, आणि रूळ जुनेच होते.